मामाचं मशीन आणि एक निडल

कोकणातून आमच्याकडे कुणी पाहुणे आले की सोबत काय येतं हे ठरलेलं असतं. सोलं, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला आणि मे महिना असेल तर आंब्याची पेटी. गेल्या वर्षी जूनमध्ये मामा आला, तेव्हा त्याच्यासोबत दोन गोणी होत्या. एकीतून ऑइलचा वास येत होता आणि दुसरीतून पंखा डोकावत होता. घरातला पंखा नव्हे, होडीचा.

आम्ही बसवनगुडीत राहतो, गांधी बाजारापासून चालत पाच मिनिटांवर. सकाळी फुलांचा बाजार, संध्याकाळी विद्यार्थी भवनासमोर डोशासाठी ताटकळलेली माणसं, असा आमचा परिसर. इथून समुद्र साडेतीनशे किलोमीटर लांब आणि नऊशे मीटर खाली. अशा ठिकाणी रिक्षातून होडीचं इंजिन उतरताना बघून खालच्या घरमालकांच्या पत्नीने विचारलंच, "एनम्मा इदु?" म्हणजे, हे काय गं?

मी म्हटलं, "मामा, आंटी." त्यांना मामाबद्दल विचारायचं नव्हतं, हे नंतर लक्षात आलं.

मामा देवबागला राहतो. मालवणच्या दक्षिणेला, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, यांच्या मधली ती चिंचोळी पट्टी. त्याची एक लहान फायबरची होडी आहे. हिवाळ्यात पर्यटकांना डॉल्फिन दाखवायचे, संगमावर फिरवायचं, आणि एरवी जाळं टाकायचं, यावर त्याचं घर चालतं. होडीच्या मागच्या फळीला पकडीने आवळून लावलेलं जे इंजिन असतं, त्याला पुस्तकात आउटबोर्ड मोटर म्हणतात. देवबागात त्याला नुसतं 'मशीन' म्हणतात. मामाचं मशीन जपानी आहे, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, आठ हॉर्सपॉवरचं आणि वयाने माझ्यापेक्षा थोडं मोठं.

मार्चमध्ये या मशीनचा दम जायला लागला. दोरी ओढली की पूर्वीसारखा हाताला जोर लागत नव्हता, आणि भर समुद्रात ते तापून बंद पडत होतं. मामाने सीझन कसाबसा ढकलला आणि मेअखेरीस होडी वर ओढल्यावर मशीन उघडलं. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते आणि पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्याही बंद असतात. तेव्हा हेच दोन महिने जाळी विणायचे, होडीला रंग द्यायचे आणि मशीन खोलायचे. यात नवीन काही नव्हतं. मामा हे काम दर दोन-चार वर्षांनी करतो.

नवीन होतं ते वेगळंच. खोललेले भाग परत बसवताना त्याला एकाच बोल्टच्या जागी दोन दिसायला लागले. मग पडवीच्या दाराची चौकट मधेच वाकडी दिसायला लागली. त्याने दोन आठवडे कुणाला सांगितलं नाही. आईला फोनवर कळलं ते मामीकडून. कुडाळच्या डॉक्टरांनी साखर तपासली, डोळे बघितले आणि सांगितलं, मधुमेहामुळे रेटिनाला सूज आलीय, मोठ्या ठिकाणी दाखवा. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, दर महिन्याला एक, निदान तीन.

आई म्हणाली, "बेंगळुरूला ये. आम्ही आहोत."

मामा म्हणाला, मशीन असं उघडं टाकून मी कुठे येत नाही. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही, आणि नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली पाहिजे. दोन दिवस फोनवर ही वादावादी चालली. शेवटी आई वैतागून म्हणाली, "मग मशीनसकट ये!" भावाला टोमणा मारायचा म्हणून ती बोलली होती. पण पलीकडून उत्तर आलं, "इंजेक्शान घेतंय, पण मशीन घेवनच येतलंय."

आणि आला. गोव्याहून रात्रीच्या बसच्या डिकीत गोणी टाकून.

बाबांचं मत स्पष्ट होतं. एवढ्या जुन्या मशीनवर पैसे घालू नयेत, विकावं. डोळे असे असताना पन्नाशी उलटलेल्या माणसाने दर्यावर जावं तरी का? हे ते मामासमोर बोलले नाहीत, पण आमचं घर लहान आहे. ऐकू सगळं जातं.

पहिलं इंजेक्शन झालं. डॉक्टरांनी सूचनांची यादी दिली. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चोळायचं नाही, धूळ-धूर टाळायचा. ऑइल आणि ग्रीसचे हात डोळ्यांजवळ न्यायचा तर प्रश्नच नव्हता. घरी आल्यावर काळा चष्मा लावून मामा बाल्कनीत गोणींशेजारी बसून राहिला. पहिल्या दिवशी बसला, दुसऱ्या दिवशी बसला. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मामा, तू सांग, मी लावते."

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी कंटेंट रायटर आहे. बीए इंग्लिश. 'पाच सोप्या पायऱ्यांत अमुक करा' असे लेख लिहून माझं पोट भरतं. घरच्या घरी मिक्सर दुरुस्त कसा करायचा यावरही मी एकदा लेख लिहिला होता. त्याआधी मी मिक्सर कधी उघडला नव्हता. त्यानंतरही नाही.

मामाने माझ्या हातांकडे बघितलं, मग गोणीकडे, आणि म्हणाला, "आधी धुवन काढ सगळा."

पहिला रविवार नुसता धुण्यात गेला. मामाने सुटे भाग श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत भरून आणले होते आणि प्रत्येक डब्यात काय आहे ते त्याला झाकण न उघडता, हलवून आवाजावरून कळायचं. पिस्टनच्या डोक्यावर काळा कार्बन साचला होता. तो लाकडी चमच्याच्या मागच्या टोकाने खरवडायचा, लोखंडाने नाही, कारण पिस्टन ॲल्युमिनियमचा, त्यावर चरा पडतो. पिस्टनच्या रिंगा ज्या खाचेत बसतात त्या खाचा साफ करायला मात्र एक भारी युक्ती होती. जुनी रिंग मोडायची आणि तिचाच तुकडा खाचेत फिरवायचा. नेमक्या त्याच मापाची दुसरी वस्तू जगात नसते.

मशीन तापायचं कारणही त्या दिवशी सापडलं. ही इंजिनं समुद्राचंच पाणी आत ओढून थंड होतात. सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या वाटांमध्ये मीठ आणि वाळू घट्ट बसली होती, अगदी भिंतीला पोपडा धरावा तशी. त्यामुळे वरच्या सिलिंडरमधली एक रिंग तापून खाचेतच चिकटली होती. रिंग चिकटली की सिलिंडरमधला दाब निसटतो. मार्चपासून दम का जात होता, ते तेव्हा मला कळलं. मामाला मार्चमध्येच कळलं होतं.

संध्याकाळी मी फोनवर या मोटरींचा इतिहास वाचून मामाला सांगितला. अमेरिकेत ओले एविनरूड नावाच्या माणसाने १९०९ मध्ये आपल्या आउटबोर्ड मोटरी विकायला सुरुवात केली आणि या मोटरी खऱ्या अर्थाने लोकांपर्यंत पोचल्या. असं सांगतात, की एका उन्हाळ्यात सहलीला गेले असताना त्याच्या होणाऱ्या बायकोने आइस्क्रीम मागितलं. तो तळ्यातून वल्ही मारत ते आणायला गेला आणि परत येईपर्यंत ते वितळून गेलं. तेव्हा त्याच्या डोक्यात होडीला इंजिन लावायचा विचार आला. पुढे धंद्याचा हिशेब त्या बायकोनेच सांभाळला. यामाहाने पहिली आउटबोर्ड काढली ती त्यानंतर अर्ध्या शतकाने, १९६० मध्ये.

मामाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे आइस्क्रीम खंय आसा?" त्याची साखर तेव्हा दोनशेच्या वर होती. आईने माझ्याकडे असं बघितलं, की मी इतिहास तिथेच थांबवला.

मधल्या एका दिवशी हाफ डे टाकून मी जे. सी. रोडला गेले. गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं तिथे ओळीने आहेत. होडीच्या मशीनचे भाग तिथे कसे मिळणार असं मला वाटलं होतं. रिंगा मामाने मालवणातूनच आणल्या होत्या, पण ऑइल सील आणि पिनेच्या टोकाच्या सरक्लिप हव्या होत्या. तेव्हा कळलं, की सील होडीचं आहे की ट्रॅक्टरचं हे सीलला माहीत नसतं. त्याच्यावर तीन आकडे छापलेले असतात. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. ते तीन जुळले की काम झालं. दुकानदाराने विचारलंही नाही, की हे कशासाठी. सरक्लिप चार लागणार होत्या, मामाने आठ आणायला सांगितल्या. एकदा काढलेली सरक्लिप परत लावायची नसते. तिचा ताण गेलेला असतो, ती चालत्या इंजिनात निसटली तर सिलिंडरला ओरबाडते.

दुसऱ्या रविवारी जोडणी सुरू झाली. बाल्कनीत जुनी वर्तमानपत्रं अंथरली. मामा खुर्चीत, काळा चष्मा लावून. मी खाली मांडी घालून. शेजारी फोनवर उघडलेलं इंग्रजी मॅन्युअल.

तुम्ही कधी टू-स्ट्रोक इंजिन आतून बघितलं नसेल तर थोडक्यात सांगते. पिस्टन सिलिंडरमध्ये मागे-पुढे होतो, त्याला कनेक्टिंग रॉड जोडलेला असतो आणि रॉड क्रँकशाफ्टला गरगर फिरवतो. स्कूटरमध्ये क्रँक आडवा असतो. होडीच्या मशीनमध्ये तो उभा असतो, कारण त्याची ताकद सरळ खाली पाण्यातल्या पंख्यापर्यंत न्यायची असते. म्हणून पिस्टन आडवे पडतात, एक वर आणि एक खाली, आणि त्यांच्या डोक्यावर एक खूण असते. ती वरच्या बाजूलाच यायला हवी. उलटा बसवला तर पिस्टन जातो आत, तक्रार करत नाही. तक्रार नंतर करतो.

पिस्टन आणि रॉड यांना जोडणारी जी पिन असते, तिच्याभोवती निडल बेअरिंग असतं. आमच्या मशीनमध्ये ते सुट्या निडलचं होतं. शिवणाच्या सुईच्या तुकड्यांसारखे बारीक पोलादी रोलर, एका पिनेभोवती बावीस. दोन पिस्टनचे मिळून चव्वेचाळीस. ते ग्रीसमध्ये चिकटवून एकेक करून गोल मांडायचे आणि मग न हलवता पिन सरकवायची. मामाने डबा माझ्या हातात देताना आकडा सांगितला होता, "चव्वेचाळीस आसत. मोजून घे."

पहिल्या पिस्टनचे बावीस मी मोजून लावले. त्यात पाऊण तास गेला. दुसऱ्याच्या वेळी पाठ दुखायला लागली होती, खाली गल्लीत भाजीवाला ओरडत होता, आणि कंपनीच्या ग्रुपवर कुणीतरी रविवारीच काहीतरी मागत होतं. मी गोल भरला असं दिसेपर्यंत निडल लावले आणि पिन सरकवली. मोजले नाहीत.

मामा म्हणाला, "घाई कित्याक करतंस गो?"

मी म्हटलं, "झालं मामा, बसली पिन."

मग रिंगा. टू-स्ट्रोकच्या पिस्टनच्या खाचेत एक बारीक खुंटी असते आणि रिंगेची दोन्ही टोकं बरोबर त्या खुंटीच्या दोन बाजूंना यावी लागतात. रिंग खुंटीवर चढलेली असताना पिस्टन सिलिंडरमध्ये ढकलला तर ती मोडते. मला हे बघून करावं लागत होतं. मामाने माझ्या हातातून पिस्टन घेतला, अंगठ्याचं नख रिंगेवरून फिरवलं आणि "बरोबर" म्हणून परत दिला. नंतर हात पुसायला मीच त्याला कापड दिलं. डोळ्याजवळ तो हात जाईल अशी भीती मला सारखी वाटत होती.

क्रँक आणि पिस्टन ब्लॉकमध्ये बसले की त्यावर क्रँककेसचं दुसरं अर्धं झाकण येतं. इथे कागदी गॅस्केट नसतं. दोन्ही कडा लख्ख पुसून त्यांच्यावर लिक्विड गॅस्केटची पातळ रेघ ओढायची आणि बोल्ट आवळायचे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी या क्रँककेसमध्ये दाबलं जातं आणि तिथून सिलिंडरमध्ये जातं. म्हणून इथे केसाएवढी फट राहिली तरी मशीन नीट चालत नाही. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, आळीपाळीने, दोन टप्प्यांत आवळायचे. चपाती लाटताना आपण मधून कडेला जातो, तसं.

किती आवळायचं यावरून आमचं वाजलं. मॅन्युअलमध्ये आकडा होता आणि मी कोपऱ्यावरच्या बाइक गॅरेजमधून टॉर्क रेंच मागून आणला होता. ठरलेला जोर पोचला की तो 'कट्' असा आवाज करतो. मामाला हे खेळणं वाटलं. तो म्हणाला, माझा हातच माप. मी म्हटलं, आज मॅन्युअलप्रमाणे करू. पाना कट् म्हणाला, मामाने बोल्टला हात लावून बघितला. "बस, इतक्याच?" त्याचा हात आणखी पाव फेरा देणारा होता. मग थोड्या वेळाने तो आपणहून म्हणाला, की मागे एकदा याच ब्लॉकमधल्या एका बोल्टचे आटे त्याच्याकडून गेले होते. ॲल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट, जास्त जोर दिला की आटे जाणारच. त्या जागी आता जाड बोल्ट आहे. मी सकाळपासून त्या एका वेगळ्या बोल्टकडे बघत होते, पण विचारलं नव्हतं.

रात्री नऊला सगळं बंद झालं. आईने बाल्कनी आवरायला सांगितली. मी वर्तमानपत्रं गोळा करून रद्दीत टाकायला घडी घातली आणि एका घडीतून काहीतरी निसटून फरशीवर टिचकन् वाजलं.

एक निडल होता.

तो हातात घेऊन मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मामा आत जेवत होता आणि बाबांना सांगत होता, की पोरीने चांगलं लावलं, हात हलका आहे तिचा. बाबा पहिल्यांदाच मशीनबद्दल काहीतरी विचारत होते. आणि माझ्या डोक्यात हिशेब सुरू होता. चव्वेचाळिसातला एक. त्रेचाळीस आहेत की आत. एकाने काय होतं? उघडायचं म्हणजे बोल्ट परत काढायचे, लिक्विड गॅस्केट खरवडायचं, कडा पुसायच्या, पिस्टन बाहेर, रिंगा परत. अख्खा दिवस. आणि मामाला सांगायचं, की मी मोजले नव्हते.

मी तो निडल पेनाच्या टोपणात ठेवला आणि झोपायला गेले. झोप आली नाही. सारखी संगमावरची ती जागा डोळ्यांसमोर येत होती, जिथे ओहोटीच्या वेळी नदीचं पाणी समुद्राकडे ओढ घेतं. लहानपणी मामा तिथून नेताना आम्हाला कडेला हात लावू द्यायचा नाही. त्याच्या होडीत माणसं असतात. लहान मुलं असतात.

सकाळी सहाला मामा बाल्कनीत चहा पीत होता. मी टोपण त्याच्या तळहातावर उलटं केलं. त्याला तो नीट दिसला नाही. बोटाने चाचपून त्याने ओळखला.

मी म्हटलं, "दुसऱ्या पिस्टनचे मी मोजले नव्हते."

तो काही बोलला नाही. चहा संपवला. मग म्हणाला, "सांगलंस ता बरां केलंस. दर्यात गॅरेज नसता." आणि थोड्या वेळाने, जरा हळू आवाजात, "माकाय दिसणा नाय ता मी दोन आठवडे सांगूक नाय."

त्याने समजावून सांगितलं, की एक निडल कमी असला की बाकीच्यांना जागा मिळते, ते तिरके होतात आणि तिरका निडल पिनेला खातो. एक दिवस चालेल, एक महिना चालेल. मग कधीतरी अडकेल, आणि ते कधी हे आपण ठरवत नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही सगळं परत उघडलं. आणि या वेळी एक माणूस वाढला. खालचे अंकल. ते एचएमटीच्या घड्याळ कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेला तो कारखाना. तिथली घड्याळं एके काळी लग्नात जावयाला द्यायचे. माझ्या आजोबांच्या मनगटावरही एचएमटीच होतं. अंकल वर आले ते पाणी गळतंय का बघायला, आणि बाल्कनीचं दार उघडल्यावर तिथेच थांबले. त्यांनी वर्तमानपत्रांकडे बोट दाखवून मान हलवली. खाली गेले आणि पाच मिनिटांनी एक पांढरी चादर, चिमटा आणि डोळ्याला लावायचं भिंग घेऊन आले.

"छापील कागदावर बारीक वस्तू दिसत नाही," ते म्हणाले. "आणि घडीत जाते. पांढरं, साधं कापड हवं, कडा वर दुमडलेल्या."

मामा मालवणी हिंदीत बोलत होता, अंकल कन्नड हिंदीत. मला वाटलं होतं मला मध्ये भाषांतर करावं लागेल. अजिबात लागलं नाही. एकाने आयुष्यभर घड्याळातले स्क्रू हाताळले होते, दुसऱ्याने होडीचे बोल्ट, आणि दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की आजकालची पोरं घाई करतात.

दुसऱ्या पिनेभोवती एकवीस निडल निघाले. मध्ये एक रिकामी जागा, ग्रीसने झाकलेली. ती बघितल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला. मामाने पहिला पिस्टनही उघडायला लावला. त्याचे बावीस होते. तरी सगळे पुसून पुन्हा मोजले, एकदा मी, एकदा अंकलनी भिंगातून. बावीस आणि बावीस. उरलेल्या चार सरक्लिप तेव्हा कामाला आल्या. आठ का आणायला सांगितल्या होत्या, हे मी मामाला विचारलं नाही.

मग तिसऱ्या रविवारी उरलेलं. फ्लायव्हील, कार्ब्युरेटर, इंधन आत सोडणाऱ्या आणि मागे न जाऊ देणाऱ्या पातळ पाकळ्या, ज्यांना रीड म्हणतात, आणि खाली पाणी ओढणारा रबरी इम्पेलर. इम्पेलरची पाती एका बाजूला वाकून कडक झाली होती. मामाने नवा आणलाच होता.

चाचणीसाठी अंकलनी पावसाचं पाणी साठवायचं निळं पिंप रिकामं न करता दिलं. जुलैचा पाऊस होता, पिंप काठोकाठ भरलेलं. पंखा काढून ठेवला, जाड फळीला मशीन आवळलं आणि त्याचा पाय पिंपात सोडला. पेट्रोल बाबांच्या स्कूटरमधून काढलं. हो, बाबांनीच काढून दिलं. नव्या रिंगा म्हणून ऑइल नेहमीपेक्षा जास्त घातलं.

दोरी मामाने ओढायची असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ओढ." पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा एक खोकला. चौथ्या ओढीला मशीन सुरू झालं आणि अख्ख्या गल्लीत निळा धूर पसरला. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं. धूर डोळ्यात जाईल म्हणून आईने मामाचा दंड धरून त्याला मागे ओढलं. पण तो मशीनकडे बघतच नव्हता, कान देऊन ऐकत होता. मग वाकून त्याने बाजूच्या भोकाखाली हात धरला. तिथून पाण्याची बारीक धार बाहेर पडली. ती धार पडली म्हणजे पंप पाणी ओढतोय, मशीन थंड राहतंय. देवबागात या धारेला जे म्हणतात ते मी इथे लिहीत नाही, घरातली सगळी वाचतात.

तीन मिनिटं चालवून बंद केलं. अंकलनी मनगटावरच्या घड्याळात वेळ बघितली. अर्थातच एचएमटी.

दुसरं इंजेक्शन घेऊन जुलैअखेरीस मामा गोणी घेऊन परत गेला. जाताना त्याने दोन गोष्टी कबूल केल्या. तिसऱ्या इंजेक्शनला न बोलावता यायचं, आणि अंधारात होडी काढायची नाही. पहाटेच्या जाळ्याला आता शेजारचा पोरगा जातो आणि मामा दिवसा पर्यटकांबरोबर पुढे बसतो. हे त्याला आवडलंय असं मी म्हणणार नाही. ऑगस्टमध्ये तो आला, नारळी पौर्णिमेचा नारळ घेऊन. चौकट आता बरीच सरळ दिसते म्हणाला. पूर्ण नाही.

घरात कुणाला मधुमेह असेल तर वर्षातून एकदा त्यांचे डोळे आतून तपासून घ्या, तक्रार नसली तरी. मामाला आधी सांगितलं असतं तर एवढं झालं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

मी हे सगळं लिहितेय म्हटल्यावर मामाला फोनवर विचारलं, लोकांना काय सांगू? मला वाटलं तो डोळ्यांबद्दल सांगेल, नाहीतर दर्याबद्दल. तो म्हणाला, "सांग त्यांका, पेपरावर काम करू नका. पांढरी चादर घाला."